सरूबाईचा पाय

माझं दुकान नांदेडला इतवारा बाजारात आहे आणि मी पाय विकतो. शिलाई मशीनचे. सुईच्या दोन्ही बाजूंनी कापड दाबून धरणारा जो लोखंडी तुकडा असतो, त्याला कंपनीच्या पुस्तकात फूट म्हणतात. आमच्याकडे सरळ पाय. साधा पाय, चेनचा पाय, काजाचा पाय. सुया, बॉबिनी, पट्टे, तेल हेही विकतो, पण त्यात माझं काही कौशल्य नाही, ते कोणीही विकेल. पाय मात्र गिऱ्हाईकाला निवडून द्यावा लागतो, आणि ते निवडण्यात माझी हयात गेली.

त्यातल्या एका पायाबद्दल लिहायचं आहे. झालर घालणाऱ्या. डब्यावर त्याचं नाव रफलर. मी त्याला झालरपाय म्हणतो. पण निलंगा, कंधार, माहूर, कुठल्याही गावात शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, सरूबाईचा पाय. माझ्याच दुकानात, माझ्या तोंडावर, लोक वर्षानुवर्षं सरूबाईचा पाय मागत आले. हा पाय आमच्या भागातल्या मशिनींवर चालता केला तो मी. सरूबाईनं नाही. हे एकदा छापून यावं म्हणून मी लिहायला कबूल झालो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितले होते धंद्यातले गमतीदार अनुभव. गंमत ज्याची त्यानं शोधावी.

ज्यांनी कधी मशीनवर हात ठेवला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. कापड आखडून घेर करायचा तर त्याच्या तीन तऱ्हा असतात, आणि गिऱ्हाईक तिन्हींना चुण्याच म्हणतं. चुणी म्हणजे कापड नुसतं गोळा झालेलं, दुमडीला हिशेब नाही. प्लेट म्हणजे मोजून घातलेली दुमड, शाळेच्या स्कर्टला असते तशी, सगळ्या एका अंगाला झुकलेल्या. आणि झालर म्हणजे चुण्या किंवा प्लेटा घालून तयार केलेली पट्टी, जी फ्रॉकच्या काठाला, पाळण्याला, लग्नाच्या स्टेजला लावतात. म्हणून कोणी "चुण्यांचा पाय द्या" म्हणालं की मी डबा उघडत नाही. विचारतो, कापड कोणतं? लोकांना राग येतो. पाय मागायला आलेल्या माणसाला दुकानदार कापड विचारतो म्हणजे हा टाळतोय असं वाटतं. वाटू दे. मलमल आणि खाकी यांना एकच पाय देणारा दुकानदार मी नाही.

मलमल, क्रेप, पातळ शिफॉन असेल तर छोटा चुणीपाय पुरतो. त्याच्या तळाला एक उंचवटा असतो आणि मध्ये फट. टाका लांब ठेवायचा, दोरा जरा आवळायचा, की खालचं कापड आपोआप गोळा होत जातं आणि फटीत घातलेलं वरचं कापड सरळ राहून त्याला जोडलं जातं. पण जाड कापडाला हा पाय हूं की चूं करत नाही. लहान बाळाचा फ्रॉक किंवा फुग्याची बाही असेल तर मी सांगतो, कोणताच पाय घेऊ नका. लांब टाक्याच्या दोन ओळी मारा आणि खालचा दोरा हातानं ओढा. तिथं चुण्या इकडच्या तिकडं सरकवाव्या लागतात आणि ते बोटांनीच होतं. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार म्हणून बाजारात माझी चेष्टा झाली. पण परत गेलेलं गिऱ्हाईक माझ्याकडेच परत आलं.

आणि लांबच लांब झालर घालायची असेल, सॅटिन असेल, परकराचं कापड असेल, तर झालरपाय. हा पाय म्हणजे पायाच्या अंगावर बसवलेलं एक छोटं यंत्रच. त्याला एक हात असतो, हाताच्या टोकाला बेचकं. ते बेचकं सुई आवळणाऱ्या स्क्रूवर बसवायचं. सुई वरखाली झाली की हात वरखाली होतो आणि पोटातली दातेरी पाती कापड पुढे ढकलून दुमडते. वर एक, सहा, बारा अशा खाचा असतात. एकवर ठेवलं तर प्रत्येक टाक्याला दुमड, म्हणजे दाट चुण्या. सहावर सहा टाक्यांनी एक, बारावर त्याहून विरळ, म्हणजे चांगल्या प्लेटा. दुमड किती खोल पडावी याचा स्क्रू वेगळा. घेण्याआधी एवढंच बघायचं, की आपल्या मशीनची पाय अडकवायची दांडी उंच आहे की ठेंगणी. हे न बघता मोबाईलवरून मागवलेले झालरपाय घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, आप्पा, एवढा बसवून द्या. त्यांना मी काय बोलतो ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही.

आता मूळ तक्रार.

मी निलंग्याकडचा. घरचं काही नव्हतं. पिशवीत मशीनचे सुटे भाग घालून एस.टी.नं गावोगाव शिंप्यांकडे फिरायचो. नंतर लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं एक फळीएवढं दुकान मिळवलं. माल आणायला दिल्लीला जायचो. तिथं एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात झालरपायांनी भरलेलं पोतं पडलेलं दिसलं. कोणी घेत नव्हतं. मी दोन दिवस त्याच्या दारात बसून, तीनदा उठून जाऊन, शेवटी ते भंगाराच्या भावात उचललं. त्यानं मला जाताना शिवी दिली. ती मला अजून पावतीसारखी वाटते.

लातूरला आणल्यावर कळलं कोणी का घेत नव्हतं. आमच्याकडच्या काळ्या मशिनींना सुईचा स्क्रू आखूड असायचा. बेचकं त्याच्यावर बसायचं, चार टाके पडायचे, की घसरून खाली. हात लटकायचा, सुई तुटायची. शिंप्यांनी एकेक वापरून बघितला आणि माझ्या फळीवर आणून आपटला. पोतंभर लोखंड घेऊन मी बसलो. बायको महादेवी जेवायला वाढताना त्या पोत्याला वळसा घालून जायची, आणि तो वळसा मला दिसायचा.

मग मी मशीनसमोर बसलो. मला शिवता येत नाही, आजही येत नाही. नुसता हातानं चाक फिरवत बेचकं कुठं घसरतं ते बघत राहिलो. स्क्रू लांब पाहिजे होता आणि त्याच्या टोकाला टोपी पाहिजे होती, म्हणजे बेचकं बाहेर सरकणार नाही. एका लेथवाल्याच्या मागं लागून तसा स्क्रू करून घेतला. पहिला जड झाला, दुसऱ्याचे आटे चुकले, त्याच्याशी भांडण झालं, मिटलं, आणि मग बरोबर झाला. तो स्क्रू माझा. कंपनीचा नाही, लेथवाल्याचा नाही, दुसऱ्या कोणाचा नाही.

पण तो चालतो हे दाखवणार कोण? शिंपी म्हणाले, पुन्हा सुया तोडायच्या नाहीत. तेव्हा सरूबाई आली.

सरूबाई आमच्याच गल्लीत परकर शिवायची. नवरा सोडून गेलेला, पदरात दोन मुलं. काटक बाई, आवाज असा की गंजगोलाईच्या पलीकडं ऐकू जावा. भाव करण्यात मी माझ्या तोडीचं माणूस आयुष्यात एकच बघितलं, ते ही बाई. तिनं झालरपाय हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "आप्पा, तुमचा पाय लंगडा हाय म्हनं."

मी म्हणालो, लंगडा होता, आता त्याला काठी दिली आहे. स्क्रू दाखवला. ती घासाघीस करायला लागली. पायाचा भाव पाडला, मी चढवला. ती गेली, मी हाक मारली नाही. परत आली. शेवटी म्हणाली, पायाचे तुम्ही म्हणाल तेवढे देते, पण स्क्रू फुकट द्या. मी हिशेब केला, स्क्रूला खर्च किती तो येतो, आणि दिला फुकट. त्या दिवशी मला वाटलं मी जिंकलो. चूक तिथं झाली. जी वस्तू फुकट जाते, ती कोणी केली हे कोणी विचारत नाही. पुढं मी प्रत्येक पायाबरोबर स्क्रू फुकटच देत गेलो, कारण सगळ्यांना सरूबाईसारखाच सौदा पाहिजे होता.

तिला कंधारच्या एका मंडपवाल्याचं काम मिळालं होतं. लातूरला मोठं लग्न होतं, स्टेजला गुलाबी सॅटिनची झालर, आणि त्याच्याकडं कामाला असलेल्या बायका हातानं दोरा ओढून ओढून कंटाळल्या होत्या. सरूबाईनं मशीन दारात ओढली आणि बसली. कापड एका बाजूनं सरळ आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं लाटा घेऊन बाहेर पडायचं. पायाच्या हाताची टकटक गल्लीभर. बाया पाणी भरायचं सोडून उभ्या राहिल्या. माझा स्क्रू जागचा हलला नाही. मी फळीवरून बघत होतो. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

आठवड्याभरात बायका यायला लागल्या. आधी म्हणायच्या, सरूबाईकडं हाय तसला पाय. मग त्यातले मधले शब्द गळाले. पोतं संपलं, दुसरं आणलं, तिसरं आणलं. माल खपत होता तोवर मी गप्प राहिलो. मग एकदा निलंग्याला स्टँडवर एका बाईनं मला माझीच गोष्ट सांगितली. लातूरला सरूबाई म्हणून हाय, तिनं कारखान्यात जाऊन म्हनं स्वतः स्क्रू बनवून घेतला, लई डोक्याची बाई. मी तिला म्हणालो, तो स्क्रू मी केला. ती माझ्या पिशवीकडे बघून हसली आणि गाडीत चढली.

मी तसाच लातूरला गेलो आणि सरूबाईच्या दारात उभा राहिलो. चारचौघांत सांग म्हणालो, की हे माझं आहे. नाव बदल. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"मी कुठं म्हनले माझं नाव ठिवा म्हनून? अन् तुमचं ठिवलं असतं तर इकलं असतं का? आप्पाचा पाय म्हनल्यावर लोकं पाया पडतील ओ, झालरी घालतील व्हय?"

गल्ली हसली. सगळी गल्ली. बरोबर हसली असेल, विनोद चांगला होता; पण ज्याच्यावर होतो त्याला तो तसा ऐकू येत नाही. मी तिला काय काय बोललो ते सांगत नाही. त्यानंतर मी लातूरचं दुकान आवरलं आणि नांदेडला आलो. लोकांना सांगितलं, नांदेड मोठं आहे, गुरुद्वाऱ्यामुळे बाहेरची माणसं येतात, धंदा वाढेल. धंदा वाढलाही. पण मी धंद्यासाठी आलो नव्हतो. महादेवीला ते माहीत होतं. ती म्हणायची, लोक तुम्हाला शिव्या देत नाहीत, पैसे देतात, मग एवढं का जळता. ती आता नाही.

नांदेडला आल्यावर मी डब्यांवर छापून घेतलं, 'आप्पांचा झालरपाय, लांब स्क्रूसह'. बाई डबा हातात घ्यायची, वाचायची, आणि विचारायची, "सरूबाईचाच हाय न्हवं?" शेवटी मी एक नियम केला. दुकानात येऊन झालरपाय म्हणेल त्याला सरळ भाव. रफलर म्हणेल त्यालाही. सरूबाईचा पाय म्हणेल त्याला चढा भाव, आणि एक पैसा कमी नाही. माहूरची एक बाई होती, गडावर देवीच्या ओटीचं सामान विकायची आणि चुनरीला झालर लावायची. तिनं सरूबाईचा पाय मागितला तेव्हा मी म्हणालो, सरूबाईचे दोन्ही पाय सरूबाईकडेच आहेत, माझ्याकडे मशीनचा आहे. ती न हसता म्हणाली, "मंग मशीनचा द्या. पर सरूबाईचा द्या." तिच्याकडून मी जास्तच घेतले. तिनं निमूट दिले. सगळ्याच देत होत्या. त्याचं मला कधी नवल वाटलं नाही, हे आज नवल वाटतं.

अशी वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. दुकानाच्या वरच मी राहतो. सुरतेहून तयार झालरीची बंडलं यायला लागली, शिवणाऱ्या बाया कमी झाल्या. दुपारी इतवाऱ्यात माल उतरवणाऱ्यांचा आवाज तेवढा असतो. मी डबे खाली काढतो, पुसतो, वर ठेवतो. संध्याकाळी शेजारचा कापडवाला विचारतो, काय आप्पा, काय विशेष. मी म्हणतो, काही नाही. दिवसभराचं बोलणं कधी कधी तेवढंच होतं.

गेल्या वर्षी स्नेहल आली. नांदेडचीच मुलगी, ब्लाउज शिवते आणि मोबाईलवर शिवणकामाचे व्हिडिओ टाकते. पुष्कळ लोक बघतात म्हणे. ती पिशवीभर कापडाचे तुकडे घेऊन आली होती. नेट, सॅटिन, खण, खाकी. म्हणाली, "काका, चुण्यांना कोणता पाय घ्यावा ह्याच्यावर मी व्हिडिओ करून राहिले. तुम्ही प्रत्येक कापडाला वेगळा दाखवा." मी कापड विचारायच्या आधी कापड घेऊन आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. आम्ही सबंध दुपार बसलो. ती शिवत होती, मी पाय बदलत होतो. खणाची जरी झालरपायाच्या दातात अडकते हे मला ठाऊक होतं. खणाखाली कागदाची पट्टी घालून शिवलं तर अडकत नाही, हे तिनं मला दाखवलं. मी चहा दोनदा मागवला. चहावाल्यानं वर मान करून बघितलं.

मग तिनं विचारलं, "माझी आई ह्याला सरूबाईचा पाय म्हणते. कोण होती सरूबाई?"

होती नाही, आहे, मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. पोतं, स्क्रू, गल्ली, दोन भाव. दोन भावांचं सांगताना मी हसलो, ती हसली नाही. ती म्हणाली, मी व्हिडिओत सांगते हा स्क्रू तुमचा आहे म्हणून, पण ते सरूबाईंच्या तोंडून आलं तर लोक मानतील. मला ते पटलं. इतक्या वर्षांत मला तेच तर पाहिजे होतं. तिनं म्हणावं, आणि लोकांनी ऐकावं.

पुढच्या आठवड्यात आम्ही लातूरच्या एस.टी.त बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. सरूबाई नाही म्हणाली तर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. लेथवाला गेला, महादेवी गेली, साक्षीदार कोणी उरला नव्हता. ती नाही म्हणाली असती तर तो स्क्रू कायमचा तिचा झाला असता, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. जुळवताना ओठ हलत असावेत. स्नेहलनं विचारलं, काका, बरं आहे ना? मी म्हणालो, खिडकी लाव.

गल्ली ओळखू येत नव्हती, पण दार तेच. सरूबाई बाजेवर बसली होती. गुडघे गेलेले, मशीनवर बसत नाही. मुलं पुण्याला. मशीन भिंतीला लावलेली, तिच्यावर औषधाच्या बाटल्या. मला बघून ती म्हणाली,

"वाट चुकलाव का आप्पा?"

मी म्हणालो, चुकलो नाही, आलो. तिनं शेजारणीला हाक मारून चहा सांगितला आणि साखर किती यावरून तिच्याशी हुज्जत घातली. आवाज तसाच होता. स्नेहलनं काय पाहिजे ते समजावून सांगितलं, मोबाईल समोर धरला, आणि विचारलं, तो लांब स्क्रू कोणी केला?

मी सरूबाईच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"कोनी म्हंजे? आप्पानी. पाय कंपनीचा, स्क्रू आप्पाचा, हात माझे."

एवढं सोपं होतं. मी बाजेच्या कडेला बसलो. इतक्या वर्षांची जुळवाजुळव तोंडातच राहिली. स्नेहलनं विचारलं, मग नाव तुमचं कसं पडलं? सरूबाईनं पदर सारखा केला, मोबाईलमध्ये बघून बोलायचं हे तिला बरोबर कळलं होतं.

"आप्पा नांदेडला गेले. हितल्या दुकानात पाय मिळायचा, पर लांब स्क्रू न्हाई. बाया रडत यायच्या माझ्याकडं. मी म्हनायची, नांदेडला जावा, इतवाऱ्यात आप्पा हाय, त्याच्याकडनंच घ्या. निलंग्याची येऊ दे, औशाची येऊ दे, सगळ्यांला तेच. अन् सांगायची, गेल्यावर माझं नाव घ्या. म्हनावं, सरूबाईनी सांगितलेला पाय द्या. वळखीचं नाव ऐकलं म्हंजे भाव नीट लावंल. तापट हाय, पर वळख ठिवनारा मानूस हाय."

स्नेहल माझ्याकडे बघत नव्हती. ती मोबाईलकडेच बघत होती.

मी म्हणालो, मी कधी विचारलं नाही त्यांना, कोणी पाठवलं ते.

"इचारायचं काय त्यात? नावच घेत हुत्या की." मग सरूबाई माझ्याकडे वळली. "भाव नीट लावलाव न्हवं?"

लातूरहून नांदेडला यायचं म्हणजे त्या बायकांचा एक सबंध दिवस जायचा. एस.टी.चं तिकीट, पोरं शेजारी ठेवलेली. लातूरला दहा दुकानं सोडून त्या इतवाऱ्यात माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या आणि मी त्यांना ज्या नावासाठी चढा भाव सांगत होतो, ते नाव त्यांना कमी भावासाठी दिलेलं होतं. म्हणून त्या निमूट देत होत्या. त्यांना वाटत असेल, ओळखीचा भाव हा आहे, तर बिनओळखीचा काय असेल.

"लावला की," मी म्हणालो.

"मला ठावं हुतं," सरूबाई म्हणाली, आणि चहा थंड होतोय म्हणून मला रागावली. स्नेहलनं मोबाईल बंद करून पिशवीत ठेवला.

निघताना सरूबाई म्हणाली, येत जावा, आता हितं कोनी येत न्हाई. शिवायचं बंद झालं तसं बायांचं येनं बंद झालं. मी हो म्हणालो. स्नेहल लातूरलाच मावशीकडे राहिली. परतीच्या गाडीत मी एकटा होतो. मला त्या सगळ्या बायकांचे चेहरे आठवायचे होते. एकही आठवेना. भाव ऐकल्यावर पिशवीतून पैसे काढणारे हात आठवले, तेवढेच.

व्हिडिओ निघाला. चांगला केला आहे पोरीनं. नेटला कोणता पाय, सॅटिनला कोणता, दांडी कशी मापायची, सगळं आहे. माझे हात दिसतात. स्क्रूचा भाग नाही. स्नेहल स्वतः येऊन सांगून गेली, की नव्या मशिनींना लांब स्क्रू कंपनीच देते, लोकांना त्याचं काही वाटत नाही, तिथं आल्यावर बघणारे पुढं जातात. सरूबाईचं बोलणं ठेवलं असतं, पण ते पुढच्या प्रश्नापासून तोडता आलं नाही. कोणत्या प्रश्नापासून हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वाद घालायची माझी सवय आहे. त्या दिवशी घातला नाही.

तरीही एक सांगतो, कारण हा लेख त्याचसाठी आहे. मी लातूर सोडायच्या आधीच ते नाव पडलं होतं. निलंग्याच्या स्टँडवरची बाई खोटं बोलली होती आणि गल्ली माझ्यावर हसली होती, हेही खरं. स्क्रू माझा आहे. सरूबाईनं तो माझाच म्हटला, आणि मी ते ऐकलं. एवढं छापावं.

मी लातूरला परत गेलेलो नाही. दोनदा स्टँडपर्यंत गेलो. ती बाजेवरून पुन्हा विचारील, काय म्हनतेत बाया, भाव नीट लावता न्हवं, आणि मला पुन्हा हो म्हणावं लागेल.

आता गिऱ्हाईक येतं ते व्हिडिओ बघून. देगलूरची, हदगावची, हिंगोलीची. सगळ्या रफलर म्हणतात, स्वच्छ. चढा भाव मी बंद केला आहे. आता एकच भाव. पण डबा काढायच्या आधी, कापड विचारायच्याही आधी, मी प्रत्येकीला एक प्रश्न विचारतो. परवा एक बाई आली, उन्हातून, पोराला काखेत घेऊन. तिला विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं?

तिला प्रश्न कळला नाही. तिनं मागं वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"कोनी न्हाई ओ. माझी मीच आले."